सेल्फ लागत नाही? आधी तपास, मग खर्च

मुळशी तालुक्यात आता गावोगावी मोटारसायकल आली आहे. दूध घालायला गाडी लागते. पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जायला गाडी लागते. पौडच्या बाजाराला, कचेरीला, दवाखान्याला जायला गाडी लागते. गाडी एक दिवस बंद पडली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. घरात कोणी आजारी असले, तर जीव टांगणीला लागतो.

बैल चारा खाईनासा झाला, तर शेतकरी काय करतो? लगेच बाजारात जाऊन नवा बैल आणतो काय? नाही. तो आधी बैलाच्या तोंडात पाहतो. खूर उचलून पाहतो. पोट चाचपतो. बैल रवंथ करतो की नाही, ते पाहतो. मग औषध करतो.

पण गाडीचा सेल्फ लागला नाही, की आपण एकदम म्हणतो, "मोटर गेली." नवी मोटर घालायची, तर हजारांनी रुपये मोजावे लागतात. आणि पुष्कळ वेळा मोटर गेलेलीच नसते. कोठे तरी गंज चढलेला असतो. कोठे एखादा नट सैल झालेला असतो. म्हणून हा धडा नीट वाचा. यात एकच गोष्ट सांगितली आहे. आधी तपास करावा, मग खर्च करावा.

१. सेल्फ म्हणजे काय?

इंजिन आपले आपण सुरू होत नाही. त्याला पहिले एकदोन फेरे कोणीतरी फिरवावे लागते. मग आत पेट्रोल पेटते आणि इंजिन स्वतः फिरू लागते. पूर्वी हे काम पायाने किक मारून करीत. आता विजेवर चालणारी एक छोटी मोटर हे काम करते. तिलाच आपण सेल्फ म्हणतो.

फार पूर्वी मोटारगाड्यांना पुढून लोखंडी दांडा घालून हाताने फिरवावे लागे. दांडा कधी उलटा फिरे आणि माणसाचा हात मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या माणसाने विजेची मोटर लावून हा त्रास दूर केला. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला अशी मोटर बसविण्यात आली.

आपल्याकडे दुचाकीला सेल्फ बराच उशिरा आला. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडा कंपनीबरोबर कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली. ती बटन दाबून सुरू होई. १९८० नंतरच्या दहा वर्षांत ती रस्त्यावर दिसू लागली. २००१ साली पुण्याच्याच बजाज कंपनीची पल्सर निघाली. त्यानंतर मोटारसायकलीचा सेल्फही सर्वांच्या ओळखीचा झाला.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल सोडण्याचे काम विजेवर चालते. कित्येक नव्या गाड्यांना किक ठेवलेलीच नाही. अशा गाडीचा सेल्फ गेला, तर पाय आपटून उपयोग नाही. म्हणून सेल्फची माहिती आता जास्तच हवी.

२. वीज चाक कशी फिरवते?

मुळशीच्या माणसाला पाणी आणि वीज यांचे नाते नवे नाही. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. त्यात येथील भातशेती आणि घरे बुडणार होती. म्हणून १९२१ साली सेनापती बापट यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झाले. ते पाणी घाट उतरून खाली कोकणात भिऱ्याला जाते. तेथे पाण्याच्या जोराने चाक फिरते आणि वीज तयार होते.

सेल्फच्या मोटरीत याच्या उलट होते. भिऱ्याला चाक फिरते, त्याची वीज होते. मोटरीत वीज जाते, तिने चाक फिरते.

हे कसे होते? मोटरीच्या आत बाजूला लोहचुंबक बसविलेले असतात. मध्ये तारा गुंडाळलेला एक दांडा असतो. त्याला आर्मेचर म्हणतात. चुंबकाजवळच्या तारेतून वीज गेली, की तारेला ढकला बसतो. १८२१ साली इंग्लंडात मायकेल फॅरडे याने अशा तऱ्हेने विजेने तार फिरवून दाखविली होती. त्याच ढकल्याने आर्मेचर गरगर फिरते आणि इंजिनाला फिरविते.

फिरत्या आर्मेचरला वीज द्यायची कशी? तार बांधली, तर ती पिळून तुटेल. म्हणून दांड्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्या बसवितात. त्यांवर कोळशाचे छोटे ठोकळे घासत राहतात. मिस्त्री त्यांना कार्बन म्हणतात. कार्बन मागून स्प्रिंगने दाबलेले असतात. घासून घासून ते झिजतात. पाटीवर पेन्सिल झिजते, तसेच हे आहे.

३. विजेचा रस्ता

विहिरीवरचे रहाटगाडगे तुम्ही पाहिले असेल. गाडग्यांची माळ खाली जाते, पाणी घेऊन वर येते, पुन्हा खाली जाते. माळ कोठेही तुटली, तर पाणी बंद. माळ खाली जाताना तुटली काय आणि वर येताना तुटली काय, सारखेच.

विजेचा रस्ताही असाच गोल असतो. तो असा आहे :

बॅटरीच्या अधिक टोकातून जाड वायर निघते. ती रिलेत जाते. रिलेतून दुसरी जाड वायर मोटरीला जाते. मोटरीतून वीज इंजिनाच्या धातूत उतरते. इंजिनाला बोल्टाने बसविलेली एक वायर असते. तिला अर्थिंगची वायर म्हणतात. त्या वायरीने वीज बॅटरीच्या उणे टोकाकडे परत येते.

हा झाला मोठा रस्ता. दुसरा एक लहान रस्ता आहे. तो किल्ली, फ्यूज, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच आणि हँडलवरचे बटन यांतून जातो. काही गाड्यांत बाजूच्या स्टँडलाही स्विच असतो.

दोन रस्ते कशाला? पुढच्या दिव्याला तीनेक अँपिअर वीज पुरते. सेल्फच्या मोटरीला त्याच्या दहापटीहून जास्त लागते. एवढी वीज हँडलवरच्या बारीक बटनातून नेली, तर बटन जळून जाईल. म्हणून बटन फक्त हाक मारते. हाक ऐकून रिले मोठे दार उघडतो. दार उघडले, की "टक्" असा आवाज होतो. हा आवाज ध्यानात ठेवा.

४. गाडी काय सांगते ते ऐका

समजा, ताम्हिणीच्या वाटेवर एक वाडी आहे. तेथे एक दूधवाला राहतो. आषाढातली पहाट आहे. पाऊस कोसळतो आहे. दुधाचे कॅन गाडीला बांधलेले आहेत. तो बटन दाबतो, पण इंजिन फिरत नाही. शेजारी एक म्हातारे मिस्त्री राहतात. सारी वाडी त्यांना मामा म्हणते. दूधवाला त्यांना हाक मारतो.

"मामा, सेल्फ लागंना बघा. मोटर गेली जणू."

"कशावरनं म्हणतोस?"

"बटन दाबलं, तरी फिरत न्हाई की."

"आरं, आवाज कसा येतो, ते सांग आधी."

"आवाजाकडं कोण बघतंय मामा? दूध नासायची पाळी आली!"

"म्हणूनच बघायचं. जनावर मुकं असतंय, पण हंबरतंय की न्हाई? गाडीबी बोलती. दिवा लाव. आता बटन दाब. काय झालं?"

"एकदा टक् झालं. दिवा काय मंद झाला न्हाई."

"बरं. मग बॅटरीत जीव हाय. रिलेनं हाक ऐकली. पण वीज मोटरीतनं पुरती फिरून येत न्हाई. आता मीटर आण माझ्या पेटीतला."

मामांनी काय केले? त्यांनी मोटरीला हात लावला नाही. आधी कान दिला. तुम्हीही तसेच करा. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. मोठ्या स्टँडवर उभी करा. किल्ली फिरवा, दिवा लावा, बटन दाबा आणि ऐका.

पहिला प्रकार. काहीच आवाज नाही, दिवाही नाही. बॅटरी पार उतरली असेल, तिचे टोक सुटले असेल किंवा मुख्य फ्यूज उडाला असेल.

दुसरा प्रकार. दिवा लख्ख आहे, हॉर्न वाजतो, पण टक् होत नाही. लहान रस्ता तुटला आहे. आधी इंजिन बंद करण्याचा लाल स्विच पाहा. तो चुकून बंद राहतो. मग क्लच पूर्ण दाबून पाहा. बाजूचा स्टँड वर घ्या. फ्यूज पाहा. बटनात पाणी गेले असेल, तर ते पुसून वाळवा. एवढे करूनही टक् झाले नाही, तर रिले तपासून घ्या.

तिसरा प्रकार. टकटकटकटक असा भराभर आवाज येतो आणि दिवा मंद होतो. बहुधा बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवर मळ साचला आहे.

चौथा प्रकार. एकदाच टक् होते आणि पुढे काही नाही. रिले आतून जळला असेल, जाड वायर किंवा अर्थिंग खराब असेल, नाहीतर मोटर खराब असेल.

पाचवा प्रकार. मोटर सूं सूं फिरते, पण इंजिन फिरत नाही. मोटर चांगली आहे. मोटर आणि इंजिन यांना जोडणारा वन वे क्लच किंवा गिअर बिघडला आहे. यासाठी इंजिन उघडावे लागते. हे काम मिस्त्रीकडे द्यावे.

५. मीटरने मोजा

तराजूशिवाय धान्य घेणे आणि मीटरशिवाय वीज तपासणे सारखेच. साधा आकड्यांचा मीटर फार महाग नसतो. चारपाच घरांत मिळून एक घेतला, तरी चालेल. मीटरला लाल आणि काळी अशा दोन वायरी असतात. मीटर डी. सी. २० व्होल्टवर ठेवावा. लाल वायर व्होल्टच्या भोकात असावी, अँपिअरच्या भोकात नसावी.

व्होल्ट म्हणजे काय? टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर जास्त. विजेच्या जोराला व्होल्ट म्हणतात.

पहिले मोजमाप, बॅटरी. गाडी काही तास बंद असावी. लाल वायर अधिक टोकाला लावा, काळी उणे टोकाला. १२.६ किंवा जास्त आले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ पेक्षा कमी आले, तर ती चार्ज करावी. १२ च्या खाली आले, तर ती जवळजवळ रिकामी आहे.

आता बटन दाबा आणि आकडा पाहा. तो थोडा उतरणारच. १० च्या आसपास थांबला, तर चालेल. ९ च्या खाली घसरला, तर बॅटरी कमजोर आहे. ती एरवी १२.६ दाखवीत असली, तरी तिच्यात दम नाही. काही बैल उभे राहिले तर धिप्पाड दिसतात, पण औताला जुंपले की बसतात. तसेच हे.

नवी बॅटरी घेण्याआधी आणखी एक आकडा पाहा. गाडी कशीही सुरू करून इंजिन थोडे जोरात चालू ठेवा. बॅटरीवर १३.५ ते १४.५ आले पाहिजे. तेवढे येत नसेल, तर गाडी बॅटरी भरतच नाही. मग नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

दुसरे मोजमाप, जाण्याचा रस्ता. लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला लावा. काळी वायर मोटरीवरच्या नटाला लावा. बटन दाबून धरा. आकडा ०.५ पेक्षा कमी असावा. जास्त असला, तर वाटेत वीज अडते आहे. रिले किंवा जाड वायर खराब आहे.

तिसरे मोजमाप, येण्याचा रस्ता. काळी वायर बॅटरीच्या उणे टोकाला लावा. लाल वायर इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूला लावा. बटन दाबा. आकडा ०.३ पेक्षा कमी असावा. जास्त असला, तर अर्थिंग खराब आहे.

दूधवाल्याच्या गाडीत काय निघाले?

"मामा, बॅटरी १२.५ हाय. बटन दाबल्यावर १२.१."

"झकास. आता जायचा रस्ता बघ."

"०.१ आलं."

"तोबी चांगला. आता यायचा."

"मामा, ह्यो आकडा केवढा मोठा! ११ आलं की!"

"घावला बघ चोर. बारा व्होल्टातलं अकरा तिथंच अडकलंय. मोटरीला एकच मिळतंय. ती बिचारी फिरंल कशी? अर्थिंगची वायर कुठं बसली ते बघ."

वायर इंजिनाखाली एका बोल्टाला होती. चिखल आणि पाणी लागून तेथे गंज चढला होता. मामांनी बॅटरीची उणे वायर सोडली. बोल्ट काढला. वायरीचे टोक आणि इंजिनावरची जागा काचकागदाने चकचकीत केली. बोल्ट घट्ट बसविला. पुन्हा मोजले, तर आकडा ०.२ आला. बटन दाबताच इंजिन सुरू झाले. नव्या मोटरीची गरजच पडली नाही. दूध वेळेवर गेले.

एक सूचना ध्यानात ठेवा. काही जण रिलेच्या दोन जाड टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून मोटर फिरवून पाहतात. तसे करू नका. मोठी ठिणगी उडते. जवळच पेट्रोलची टाकी असते. बॅटरीतूनही पेट घेणारा वायू निघतो. मीटरने तेच काम धोक्याशिवाय होते.

६. मोटर केव्हा आणि कशी उघडावी?

बॅटरी चांगली आहे. दोन्ही रस्ते चांगले आहेत. तरी मोटर फिरत नाही. आता शेवटची एक गोष्ट पाहा. किल्ली बंद करून किक हळू दाबा. किक नसेल, तर वरचा गिअर टाकून मागचे चाक हलवा. इंजिन फिरले पाहिजे. ते आतून जाम असेल, तर मोटरीचा काय दोष? इंजिन मोकळे असेल, तरच मोटर काढावी.

काही नव्या स्कूटरींना वेगळी सेल्फ मोटर नसते. वीज तयार करणारे यंत्रच इंजिन फिरविते. ते घरी उघडू नये. वेगळी मोटर असेल, तर पुढीलप्रमाणे काम करावे.

इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची उणे वायर आधी सोडा. मग मोटरीवरची जाड वायर सोडा. मोटर बहुधा दोन बोल्टांवर बसलेली असते. ते काढून मोटर हळू बाहेर ओढा. खाली थाळी ठेवा, थोडे ऑइल सांडते. मोटरीवर हातोडा मारू नका. आतले चुंबक ठिसूळ असतात, ते फुटतात.

मोटरीच्या डब्याला दोन्ही टोकांना झाकणे असतात. उघडण्यापूर्वी डबा आणि झाकणे यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. जोडताना ती रेघ जुळली पाहिजे. मग लांब बोल्ट काढा. दांड्यावर दोन्ही टोकांना पातळ वॉशर असतात. ते किती होते आणि कोणत्या क्रमाने होते, ते लिहून ठेवा. हे डोक्यात ठेवू म्हटले, तर राहत नाही. वहीत लिहिलेले राहते.

आता एकेक भाग पाहा.

कार्बन : नव्या कार्बनशी लांबी ताडून पाहा. निम्मा किंवा त्याहून जास्त झिजला असेल, तर सगळा जोड बदला. गाडीच्या पुस्तकात लांबीची मर्यादा दिली असेल, तर तीच पाळा. कार्बन आपल्या खाचेत मोकळा सरकला पाहिजे. स्प्रिंग कडक हवी. पुष्कळ मोटरी एवढ्याच दुरुस्तीने चालू लागतात. आणि कार्बनचा जोड नव्या मोटरीपेक्षा फार स्वस्त असतो.

तांब्याच्या पट्ट्या : काळ्या पडल्या असतील, तर बारीक काचकागदाने हलक्या हाताने पुसा. काळा एमरी कागद वापरू नका. त्याची कणी पट्ट्यांच्या फटीत रुतून बसते. दोन पट्ट्यांमधली फट रिकामी हवी. तिच्यात कार्बनचा भुगा साचला असेल, तर लाकडी काडीने काढा. पट्ट्यांवर खोल चरे पडले असतील, तर काम जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

आर्मेचर : मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवा. एका पट्टीला एक वायर आणि शेजारच्या पट्टीला दुसरी लावा. पीं असा आवाज आला पाहिजे. सगळ्या पट्ट्या अशा तपासा. मग एक वायर पट्टीला आणि दुसरी मधल्या लोखंडी दांड्याला लावा. आता आवाज येता कामा नये. आला, तर वीज आतच फुटते आहे. आर्मेचर बदलावे लागेल.

वीज आत येण्याचा बोल्ट : कार्बन काढून किंवा पट्ट्यांपासून दूर ठेवून पाहा. हा बोल्ट आणि मोटरीचा डबा यांच्यात आवाज येता कामा नये. या बोल्टावर फायबरचे वॉशर असतात. त्यांचा क्रम बदलू नका.

ऑइल आणि पाणी : आत इंजिनाचे ऑइल दिसले, तर दांड्यावरचे सील गेले आहे. ते बदला. पाणी दिसले, तर झाकणाची रबरी कडी गेली आहेत, तीही बदला. नाहीतर नवे कार्बनही लवकर खराब होतील.

सगळे कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा. दांड्याच्या टोकांना किंचित ग्रीस लावा. ते पट्ट्यांना लागू देऊ नका. कार्बन मागे दाबून धरा आणि आर्मेचर बसवा. वॉशर मोजून घाला. रेघ जुळवा. रबरी कड्याला थोडे ऑइल लावून मोटर इंजिनात बसवा. जाड वायरीचा नट बेताने आवळा. फार जोर केला, तर आतला बोल्ट फिरतो. शेवटी बॅटरीची उणे वायर जोडा. सोडताना उणे आधी, जोडताना उणे शेवटी. हा नियम पाठ करा.

७. पावसाळ्यातली काळजी

मुळशी मावळात पाऊस धो धो पडतो. ताम्हिणी घाटात तर तो फारच पडतो. पाणी, चिखल आणि वीज यांचे जमत नाही. म्हणून मृग लागण्यापूर्वी एवढी कामे करा.

बॅटरीची टोके पाहा. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली, तर वायरी सोडा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टोके ब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टोके कोरडी करा. वायरी घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा.

अर्थिंगचा बोल्ट काढून जागा स्वच्छ करा. गाडी धुताना बटनावर आणि रिलेवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

बटन एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. इंजिन सुरू झाले नाही, तर थोडे थांबा. मग पुन्हा दाबा. बटन धरून ठेवले, तर मोटर तापते आणि बॅटरी उतरते.

वाटेत सेल्फ लागलाच नाही, तर सपाट, मोकळ्या जागी धक्का देऊन पाहता येते. किल्ली लावा, दुसरा गिअर टाका, क्लच धरा, गाडी ढकला आणि वेग आला की क्लच सोडा. पण नव्या गाड्यांत बॅटरी अगदीच मेली असेल, तर धक्क्यानेही काम होत नाही. घाटाच्या उतारावर हा प्रयोग करू नका. आणि घरात कोणी फार आजारी असेल, तर गाडीशी झटत बसू नका. १०८ या आकड्यावर फोन करून सरकारी रुग्णवाहिका बोलवा.

८. वहीत लिहून ठेवा

गाडीसाठी एक लहान वही करा. तीत तारीख घालून असे लिहा :

बटन दाबल्यावर आवाज कोणता?
बॅटरी किती व्होल्ट?
बटन दाबल्यावर बॅटरी किती?
जाण्याच्या रस्त्यावर किती?
येण्याच्या रस्त्यावर किती?
काय दुरुस्त केले? खर्च किती आला?

ही वही घेऊन गॅरेजमध्ये जा. मिस्त्रीला आकडे दाखवा. चांगल्या मिस्त्रीला त्याचा आनंदच होईल, कारण त्याचे अर्धे काम तुम्ही केलेले असेल. एखादा भाग बदलला, तर जुना भाग परत मागून घ्या आणि पाहा. बिलावर काय लिहिले आहे, ते वाचा.

अक्षर येत नव्हते, तेव्हा दुसऱ्याने सांगितले ते खरे मानावे लागे. मीटरचा आकडा कोणीतरी वाचून दाखवी. आता तो तुम्ही स्वतः वाचू शकता. ११ आणि ०.२ यांतला फरक ज्याला कळला, त्याला फुकट खर्च करायला लावणे सोपे नाही.

प्रश्न

१. बटन फक्त हाक मारते, असे का म्हटले आहे?
२. दिवा लख्ख आहे, पण टक् होत नाही. तुम्ही काय काय पाहाल?
३. दूधवाल्याच्या गाडीत दोष कोठे होता? तो कसा सापडला?
४. बॅटरी सोडताना कोणती वायर आधी सोडावी? जोडताना कोणती शेवटी जोडावी?

करून पाहा

तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची अर्थिंगची वायर शोधा. तिच्यावर गंज आहे काय? पाहून वहीत दोन ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

रिले : छोट्या विजेने मोठ्या विजेचे दार उघडणारा भाग.
आर्मेचर : मोटरीतला तारा गुंडाळलेला, फिरणारा दांडा.
कार्बन : फिरत्या भागाला वीज देणारा कोळशाचा ठोकळा.
अर्थिंग : इंजिनातून वीज बॅटरीकडे परत येण्याची वाट.
फ्यूज : वीज जास्त झाली, तर स्वतः वितळून बाकीच्या वायरी वाचविणारी बारीक तार.